मशीन खोकलं

माझ्या बोटांखालचा कीबोर्ड कशालाच जोडलेला नव्हता. त्याची वायर मी आल्या आल्या चाचपली होती. गाय सुटून गेल्यावर खुंट्याला दावं राहावं तशी ती टेबलामागे लोंबत होती.

"नुसती बोटं हलवत राहा," ग्रंथपाल देशटवाड सर म्हणाले. "हळूहळू. भजनात पेटी वाजवतात तसं."

"सर, वायर जोडली तर मी खरंच टाइप करून दाखवते की."

"म्हणूनच जोडली नाही. तू काहीतरी दाबशील आणि पडद्यावरचं पान उडेल. मोठ्या मुश्किलीनं बसवलंय ते."

कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटामागून वाघमोडे मॅडमचा आवाज आला, "सर, इथं धूळ किती आहे हो! जरा झाडून तरी—"

"मॅडम, तुम्ही बोलायचं नाही. तुम्ही मशीन आहात. आणि वाचताना भावना नकोत. परवा सरावाला तुम्ही फार छान वाचलंत. तेवढं छान मशीन वाचत नाही."

मी हसले. मॅडमही कपाटामागे हसल्या असाव्यात, कारण देशटवाड सर वैतागून म्हणाले, "समिती गेटात आली आहे, आणि तुम्हा दोघींना हसू सुचतंय."

या गोष्टीला चौदा वर्षं झाली. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. तालुक्याच्या गावातलं कॉलेज, आणि त्यात 'दृष्टिबाधित विद्यार्थी संगणक कक्ष' अशी पितळी पाटी लावलेली एक खोली. पाटीवरची अक्षरं खोदीव होती, म्हणून मला बोटांनी वाचता यायची. खोलीतलं मला मिळालेलं वाचन तेवढंच. बाकी खोलीला कुलूप असायचं आणि किल्ली देशटवाड सरांच्या पँटच्या खिशात.

किल्ली मागितली की सर म्हणायचे, "एकटीसाठी लाइट जाळायची का?" दुसऱ्यांदा मागितली तर, "संगणक बिघडला तर कोण भरून देणार, तुझा बाप?" महिनाभर मागे लागल्यावर एकदा दहा मिनिटं खोली उघडली. माझ्याकडे पेन ड्राइव्ह होता. पुण्याच्या तीन महिन्यांच्या प्रशिक्षणात मला पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्यात भरून दिलं होतं. फुकट मिळतं ते. मराठी बोलायचं तोंडात गरम बटाटा असल्यासारखं, पण बोलायचं. मी संगणकाच्या पुढच्या बाजूला भोक शोधू लागले तर बोटाला टणक गोळा लागला. दुसऱ्या भोकात तेच. तिसऱ्यात, हेडफोनच्या, तेच. खिडकीच्या काचा बसवायला लावतात ती लांबी होती. वाळून दगड झालेली. मागची बाजू लोखंडी पट्टीनं भिंतीला आवळून टाकलेली.

"सर, हे काय आहे?"

"पेन ड्राइव्हनं व्हायरस येतात."

"आणि हेडफोनचं भोक?"

"बाजूला वाचनालय आहे, बाई. तिथं शांतता पाळतात."

म्हणजे आंधळ्यांसाठी संगणक आणला आणि त्याचं तोंड लांबीनं बुजवलं. पडदा मात्र मोठा घेतला होता. वीस इंची. बघायला येणाऱ्यांना दिसावा म्हणून.

हे सगळं असून मी त्या दिवशी पेटी वाजवायला का बसले, तेही सांगते.

दुसऱ्या वर्षाला राज्यशास्त्राच्या एका पेपरात मला एकतीस पडले होते. मी नापास. लेखनिक म्हणून कॉलेजनं एक अकरावीची पोरगी दिली होती. तिचा काही दोष नाही, तिचा हात दुखायचा. मी दहा मुद्दे सांगायची, ती म्हणायची, "झालं ताई लिहून." मी पैसे भरून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली आणि वाघमोडे मॅडमकडून वाचून घेतली. दहा मुद्द्यांतले चार होते. एका उत्तराच्या शेवटी तर नुसतं 'वगैरे' लिहिलं होतं. मी रात्र रात्र ब्रेलमधून केलेल्या अभ्यासाचं वगैरे झालं होतं.

मॅडम वाचता वाचता थांबल्या आणि म्हणाल्या, "गोकर्णा, पुढचा पेपर तुझा तू लिही."

विद्यापीठाचं परिपत्रक त्यांनीच शोधून काढलं. दृष्टिबाधित विद्यार्थ्याला पेपर संगणकावर लिहिता येईल. अट एकच. विद्यार्थी कोणाच्याही मदतीशिवाय स्वतः संगणकावर लिहितो, असं प्राचार्यांनी सही-शिक्क्यानिशी प्रमाणित केलं पाहिजे. मुदत पंधरा फेब्रुवारी. मी जानेवारीपासून टेकाळे प्राचार्यांच्या दारात चार वेळा जाऊन आले होते. चौथ्या वेळी ते म्हणाले, "तपासणी समिती येतेय नऊ तारखेला. त्यांच्यापुढं नीट वाग. मग बघू सहीचं."

वाघमोडे मॅडम तासिका तत्त्वावर होत्या. सहा वर्षं. तास घेतला तर त्या तासाचे पैसे, आणि दर जूनला पुन्हा नेमणूक मिळेल की नाही याची धाकधूक. त्यांना सांगितलं, कपाटामागे उभं राहून वाचा. त्या राहिल्या. सही माझ्या गळ्याला होती आणि जून त्यांच्या.

समिती आली. बुटांचे आवाज, अत्तराचा वास, आणि टेकाळे सरांचा तो खास पाहुण्यांपुढचा आवाज, "हा आमचा अभिमानाचा कक्ष. ही गोकर्णा शिंगाडे. ही मुलगी सगळं स्वतः करते. वाचणं, लिहिणं, सगळं. चल बाळ, दाखव."

चार वेळा मला 'ए मुली' म्हणणारा माणूस त्या दिवशी 'बाळ' म्हणाला.

मी बोटं हलवली. कपाटामागून आवाज सुरू झाला. "भारतीय. संविधानाची. उद्देशिका." मॅडम एकेक शब्द तोडून, सपाट वाचत होत्या. त्या वर्गात शिकवायच्या तेव्हा मागच्या बाकावरची टारगट पोरं गप्प व्हायची. तो आवाज त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हातानं मारून सपाट केला होता. ऐकताना मला लाज वाटत होती आणि मी बोटं हलवत होते. दोन्ही एकाच वेळी करता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

"किती स्पष्ट बोलतं हो!" समितीतल्या एक बाई म्हणाल्या.

"आपल्या मराठीत आहे ना मॅडम," टेकाळे सर म्हणाले.

आणि मशीन खोकलं.

एकदा नाही. धूळ घशात गेल्यावर माणूस कसा खोकतो, आधी दाबून, मग आवरेनासं झाल्यावर पोटातून, तसं खोकलं. तीन-चार वेळा. मग नाक ओढलं. मग "दर्जाची. व. संधीची. समानता" असं पुढचं वाचायला लागलं.

मी कीबोर्डवरचे दोन्ही हात उचलले आणि मांडीवर ठेवले. आवाज वाचतच राहिला.

खोलीत पाच-सहा माणसं होती. सगळी डोळस. खोकला त्यांनी ऐकला, माझे हात मांडीवर पाहिले. कपाटाखालून मॅडमच्या चपलाही दिसत असणार. मी वाट पाहत होते. कोणीतरी एक जण विचारील, कपाटामागे कोण आहे? एवढंच. मी सगळं सांगितलं असतं, सही गेली खड्ड्यात.

समितीचे अध्यक्ष हसले. "मशीनला सर्दी झालेली दिसते," ते म्हणाले. सगळे हसले. "तांत्रिक अडचणी असायच्याच. चला, क्रीडा विभाग राहिलाय ना?"

त्या बाई जाता जाता माझ्या डोक्यावर हात ठेवून गेल्या. मला डोक्यावर हात ठेवणारी माणसं तेव्हापासून आवडत नाहीत.

सगळ्यांत मागून टेकाळे सर आले. 'बाळ' म्हणणं संपलं होतं. "हात उचललेस ना? आता त्या हातांनी सहीसाठी माझ्याकडं यायचं नाही," असं कानाशी म्हणून ते समितीमागे धावले. देशटवाड सरही धावले, आणि घाईत खोलीला कुलूप घालायचं विसरले.

वाघमोडे मॅडम कपाटामागून बाहेर आल्या. माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या.

"माझ्यामुळं गेलं तुझं," त्या म्हणाल्या.

"मॅडम, तुमच्या तासाला जा. तुम्हाला कुणी इथं बघायला नको."

"तू काय करणार आहेस?"

"तुम्ही जा."

त्या गेल्या. मी दार लोटून घेतलं, केसांतली पिन काढली आणि संगणकाच्या पुढं जमिनीवर फतकल मारून बसले. क्रीडा विभाग, मग एन.सी.सी.ची सलामी, मग जेवण. गुलाबजाम होते, वास सकाळपासून येत होता. मला दोन तास होते. लांबी दगडासारखी, पण कडेनं पोकरली की खपली निघते. पहिलं भोक उघडायला अर्धा तास लागला, दुसऱ्याला वीस मिनिटं. तिसऱ्याच्या वेळी पिन वाकली आणि नखाखाली घुसली. रक्त ओढणीला पुसलं.

एका भोकात कीबोर्ड जोडला, एकात पेन ड्राइव्ह, तिसऱ्यात माझे हेडफोन. आणि त्या गरम बटाट्याच्या आवाजात संगणक पहिल्यांदा बोलला.

मी विद्यापीठाला तक्रार लिहिली. एक पान. लांबी, कपाट, खोकला, सगळं. समितीला दाखवायला ठेवलेला प्रिंटर जोडलेलाच होता. कागद काढला, खाली सही केली. मग मी एक मूर्खपणा केला. विद्यापीठाकडे जे काही जाईल ते प्राचार्यांमार्फत गेलं पाहिजे असा नियम, आणि मी नियम पाळणारी. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच कार्यालयातल्या आवक खिडकीत मी ती नेऊन दिली.

दुसऱ्या दिवशी साडेदहालाच बोलावणं आलं. केबिनमध्ये शिरले तर ओल्या रुमालाचा आणि व्हिक्सचा वास. म्हणजे वाघमोडे मॅडम आधीच उभ्या होत्या.

"हे कोणी लिहिलं?" टेकाळे सरांनी कागद टेबलावर आपटला.

"मी, सर."

"खरं बोल."

"खरंच मी."

"एक चूक नाही यात. 'निदर्शनास आणू इच्छिते' म्हणे! हे मॅडमनी लिहून दिलंय. यांना कपाटामागं उभं केलं त्याचा राग."

"सर, मी वर्गात होते त्या वेळी. पन्नास पोरं आहेत साक्षीला," मॅडम म्हणाल्या.

"आदल्या दिवशी लिहिलं असेल!"

"आदल्या दिवशी खोकला आला नव्हता, सर," मी म्हणाले. "तो कागदात आहे."

देशटवाड सर बाजूला उभे होते. त्यांच्या नाकातून हसू निसटलं. टेकाळे सर आणखी भडकले. "आंधळ्या पोरीनं एवढं पान टाइप केलं, हे मी मानू?"

"कालच तुम्ही समितीला सांगितलंत ना सर, ही मुलगी सगळं स्वतः करते."

"ते समितीला सांगायचं असतं!"

हे वाक्य मी आयुष्यात विसरणार नाही. माणूस शरमेनं नाही, चिडून बोलला हे. जणू मी साधी रीतभात न कळणारी पोर होते.

"ठीक आहे," ते म्हणाले. "चल त्या खोलीत. माझ्यासमोर लिहून दाखव. नाही जमलं तर मॅडम, उद्यापासून तुम्ही येऊ नका."

आम्ही चौघं खोलीत गेलो. देशटवाड सरांनी खाली वाकून पाहिलं आणि किंचाळले, "सर! तिन्ही भोकं कोरलीत हिनं! सरकारी मालमत्तेची नासधूस!"

टेकाळे सरांचा श्वास एकदम शांत झाला. त्यांना खोकल्यापेक्षा चांगलं काहीतरी सापडलं होतं. "म्हणजे गुन्हा आहे," ते सावकाश म्हणाले. "बस. माफीनामा लिही. लांबी काढल्याचं कबूल कर, आणि तक्रार मागं घेतल्याचं लिही. मग मॅडमचं काय ते बघतो."

मी हेडफोन लावले. मॅडम मागून हळूच म्हणाल्या, "नको गं गोकर्णा." मी लिहायला लागले. खोलीत नुसती बटणांची टकटक. टेकाळे सर माझ्या खांद्यावरून पडद्यात वाकले होते. त्यांच्या तोंडाचा तंबाखूचा वास माझ्या गालावर येत होता. एक शब्द चुकला, मशीननं मला तो ऐकवला, मी मागं जाऊन दुरुस्त केला. तेव्हा त्यांचा श्वास अडकला. तोवर त्यांनी खरोखरच मानलं नव्हतं.

मी लिहिलं ते असं:

'मी, कु. गोकर्णा शिंगाडे, बी.ए. तृतीय वर्ष, लिहून देते की दृष्टिबाधित विद्यार्थ्यांच्या संगणकाची जी तीन भोके महाविद्यालयाने लांबी भरून बंद केली होती, ती मी केसांच्या पिनेने कोरून उघडली. त्यांत स्वतःचे हेडफोन व पेन ड्राइव्ह लावून मी संगणक बोलता केला. या गैरवर्तनाबद्दल मी माफी मागते व काल दिलेली तक्रार मागे घेते.'

टेकाळे सरांनी दोनदा वाचलं. त्यांना त्यात खटकण्यासारखं काही सापडलं नाही. खरंच सापडलं नाही.

देशटवाड सर शाईचा पॅड घेऊन आले आणि माझा अंगठा धरला.

"मी सही करते," हात सोडवून घेत मी म्हणाले.

"सर, हिच्या सहीचा भरवसा काय?" ते म्हणाले. "उद्या म्हणेल, मला दिसत नाही, कोणी काय लिहून घेतलं मला ठाऊक नाही. आपण अडकू. तुम्ही खाली शेरा मारा."

टेकाळे सरांना ते पटलं. कॉलेजच्या कारभारात मुरलेली माणसं दोघं. त्यांनी पेन काढलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं म्हटलं, "सदर मजकूर विद्यार्थिनीने माझ्या समक्ष, कोणाच्याही मदतीशिवाय, स्वतः संगणकावर लिहिला आहे." सही केली. धप्पकन शिक्का मारला. "आता पळ म्हणावं कुठं पळते ती."

मी खाली मान घालून उभी राहिले. वर केली असती तर चेहरा दिसला असता. "सर, मला एक प्रत पाहिजे. सही-शिक्क्याची. पुन्हा माझ्याकडून चूक होऊ नये म्हणून घरी ठेवते."

"दे रे हिला एक प्रत," टेकाळे सर म्हणाले. "भिंतीला लावून ठेव म्हणावं."

दुसरा कागद छापला, दुसरा शेरा, दुसरी सही, दुसरा शिक्का.

बारा तारखेला सकाळच्या एसटीनं मी विद्यापीठात गेले. परीक्षा विभागाची खिडकी विचारत विचारत गाठली. खिडकीतल्या बाईंनी माझा अर्ज घेतला आणि जोडलेला कागद वाचायला लागल्या. वाचता वाचता त्या मध्येच थांबल्या.

"अहो ताई, हा माफीनामा आहे. प्रमाणपत्र कुठंय?"

"खालचा शेरा वाचा."

त्यांनी वाचला. मग पुन्हा वाचला. मग आतल्या कोणाला तरी हाक मारली, "अहो गुंडरे साहेब, इकडं या जरा." एक पुरुषी आवाज जवळ आला. कागद वाजला.

"परिपत्रकात प्रमाणपत्राचा नमुना दिलाय का?" मी विचारलं.

"नाही," साहेब म्हणाले.

"स्वतः लिहिते, मदतीशिवाय लिहिते, प्राचार्यांची सही, शिक्का. अजून काय पाहिजे?"

"काही नको," ते म्हणाले, आणि मग थोडं थांबून, "पण ताई, माफीनामा जोडायची तुम्हाला लाज नाही वाटली?"

"मी तर माफी मागितलेली आहे, साहेब. लाज वाटायची पाळी आता दुसऱ्यांची आहे."

खिडकीतल्या बाईंनी पोच दिली.

परवानगी आली. थेट परीक्षा केंद्राच्या नावानं आली, त्यामुळे टेकाळे सरांना ती दाबता आली नाही. एप्रिलमध्ये मी त्याच खोलीत बसून सगळे पेपर लिहिले, मागच्या वर्षीच्या त्या पेपरासकट. त्या पेपरात सदुसष्ट पडले. ते माझे होते. वगैरे नव्हते.

मी इथंच थांबले असते तर बरं वाटलं असतं, तुम्हालाही आणि मलाही. पण त्याच जूनमध्ये समितीचा अहवाल आला. कॉलेजला वरचा दर्जा मिळाला. सूचना फलकावर लावलेला तो अहवाल मी एका मैत्रिणीकडून वाचून घेतला. त्यात एक ओळ होती: 'दृष्टिबाधित विद्यार्थ्यांसाठीची बोलकी यंत्रणा विशेष उल्लेखनीय.'

शेजारीच नव्या वर्षाच्या तासिकांच्या नेमणुकांची यादी होती. मैत्रिणीनं ती दोनदा वाचली. वाघमोडे मॅडमचं नाव त्यात नव्हतं.

मी फोन लावला. मागे कुकरची शिट्टी चालली होती.

"मॅडम, माझ्यामुळं—"

"किती पडले?"

"सदुसष्ट. पण मॅडम, तुमची—"

"पेपर कोणी लिहिला?"

"मी."

"मग रडतेस कशाला?" त्या म्हणाल्या. त्यांना खोकला आला. फोन बाजूला धरून त्या मनसोक्त खोकल्या, आणि परत आल्या तेव्हा त्यांचा वर्गातला आवाज होता. "आता ती तक्रार पुन्हा लिही. या वेळी प्राचार्यांमार्फत पाठवू नकोस."